खालचा दुप्पट, वरचा एक

काहीच दुखत नाही हर्षलीला.
"मंग कशाले बलावं माले, सिस्टर?"
बारावा आठवडा. पोट अजून पदराआड मावतं.
अडावदच्या बाजारातून पावशेर शेव आणलीय तिनं,
पुडी माझ्या टेबलावर ठेवून दंड पुढे करते.

बस आधी. पाठ टेकव. पाय जमिनीवर.
पाच मिनिटं बोलायचं नाही.
ती भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचते,
मी पंख्याकडे बघते. लाइट सकाळपासून नाही.

पट्टा फुगतो, उतरतो. कानात आधी काही नाही,
मग टक्, टक्, टक्,
पुन्हा काही नाही.
एकशे अठ्ठावीस. शहाऐंशी.
लाल शाईचे आकडे नव्हेत हे,
कुणीही म्हणेल, बरं शे, जा घरी.

पाठकोऱ्या कागदावर मांडते मी:
खालचा दुप्पट, त्यात वरचा एक,
आणि तिघांत वाटणी.
शंभर. बाकी शून्य.
इतक्या लवकर शंभर मला आवडत नाही.

मग कार्डात नसलेलं विचारते:
तुझी माय कशी होती, तू पोटात असताना?
हर्षली हसते. "मायले झटका उन्थात म्हने.
आठव्यातच जन्मले मी.
आजी सांगायची, बाहेरचं होतं काहीतरी."

मी पेन्सिल खाली ठेवते.

एकोणीस वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या पायथ्याला,
रमकी बारेलाची जोडवी पकडीनं कापावी लागली.
जुळं असेल, म्हणाले सगळे. मीही म्हणाले.
स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरली तेव्हा
तिची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट झाली,
आणि जीप चोपड्याला पोचेपर्यंत
तिनं स्वतःची जीभ चावली होती.
रजिस्टरात तिच्या ओळीतला शेऱ्याचा रकाना
मी तसाच ठेवलाय.

हर्षलीचा नवरा, गोकुळ, केळीच्या बागेत ठिबक सांभाळतो.
त्याला विचारलं, फिल्टरजवळचा काटा चढला, की काय करतोस?
"फिल्टर धुतो. कुठंतरी चोंदलं असतं."
आणि धुतला नाही तर?
तो काही बोलला नाही. बायकोकडे पाहत राहिला.
वारेकडे जाणाऱ्या बारीक नळ्या
याच आठवड्यांत रुंद व्हायच्या असतात, म्हटलं,
नाही झाल्या तर पुढे अख्खं अंग जोर लावतं,
मेंदू, मूत्रपिंड, यकृत, सगळं.

डॉक्टरांनी लिहून दिली: रोज रात्री जेवल्यावर एक,
छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत.
सासूनं पाकीट उजेडात धरलं.
"ही ते आम्हना धल्लानी काळीजनी गोळी शे!"
हो आजी, तीच.
पण पाय सुजल्यावर देऊन काही होत नाही हिचं,
सोळाव्याच्या आत सुरू करावी लागते.
आणि गोळी म्हणजे वचन नव्हे, हेही सांगितलं:
डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले,
बरगडीखाली कळ आली,
तर मध्यरात्र असो, फोन लाव.

दोनदा लावला. एकदा पित्त निघालं,
एकदा रात्रीच्या दीडला नुसती भीती.
दोन्ही वेळा गेले मी. दोन्ही वेळा पट्टा बांधला.

वैशाख. केळीची पानं चिंध्या होऊन लोंबतायत.
सदतिसावा आठवडा. पट्टी बुडवते, साठ सेकंद मोजते,
मोजताना श्वास घ्यायचं विसरते, दर वेळी विसरते.
पिवळी.
पिवळीच राहिली.
"पाहा ना," हर्षली पाय बाकावर घेते
आणि बोटातलं जोडवं गर्रकन फिरवून दाखवते.

मी शेऱ्याच्या रकान्याशी पेन टेकवते.
काय लिहू? काही झालं नाही, असं?
बाहेर गोकुळ मोटारसायकलला किक मारतोय,
तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

"आते तरी शेव खाऊ का?"
मूठभर, म्हणते मी,
आणि पुडीत आधी माझाच हात जातो.