पंचवीस

इस्त्रीच्या टेबलावर चार बोर्ड, चार घडणींचे.
एकाला स्वतःचा पंखा नाही, म्हणून
टेबलफॅनची मान त्याच्याकडे वळवून ठेवलेली.
दुसरा इंडस्ट्रियल एरिया अकरामधून आणलेला,
भंगारातून, किलोच्या भावानं.
तिसऱ्याला मी म्हातारा म्हणते.
तो आकडा थोरल्या टोकाकडून धरतो.
तसे आता फार उरले नाहीत.
चौथा आज सुरूच झाला नाही.

शारजात पावणेदोन वाजलेत, अडतीस डिग्री,
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम.
साडेसातला मला कोल्ड स्टोरेजच्या गेटवर कार्ड दाखवायचंय.

पॅकेज भरती-ओहोटीचं.
ज्यानं लिहिलं तो रादोवान, ओस्ट्रावाचा,
त्याच्या गावाला समुद्र नाही.
माझ्याकडे चालतं, म्हणतो.
चालतंच.
माझ्या लॅपटॉपवरही चालतं,
चारशे बारा चाचण्या, सगळ्या हिरव्या.
भंगारातल्यावर हिरव्या.
पंखा नसलेल्याचा निकाल अजून यायचाय.
म्हाताऱ्यावर चारशे अकरा.

त्या एकीत खोरफक्कानला
एक मीटर भरती यायची होती,
आली एक कोटी सदुसष्ट लाख
सत्याहत्तर हजार दोनशे सोळा मीटर.

मी एकटीच हसले,
मग लॉग वर सरकवत बसले.

पाणी संपलं तेव्हा रिकामा कॅन घेऊन खाली गेले.
इद्रीस, रात्रीचा वॉचमन, पोर्ट सुदानचा,
पाण्याची कूपनं मोजत होता.
खम्सा व इश्रीन, म्हणाला. पाच आणि वीस.
आमच्यातही धाकटा आधी, मी म्हटलं: पंचवीस.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं, च वर अडखळत.
मग वहीत लिहू लागला, उजवीकडून डावीकडे,
आणि आकडा आला तसा
पेन उचलून, थोडी जागा सोडून,
पलीकडून दोन काढला, अलीकडे पाच,
आणि पुन्हा उडी मारून ओळीत शिरला.
त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

वर आले. सहाशे अठराव्या ओळीत
कुणीतरी बाइट तसेच ओतले होते मेमरीत,
टोक न विचारता.
दोन ओळींचा पॅच. म्हातारा हिरवा.

पंखा नसलेला मात्र वाचतोच आहे.
सव्वा तास एकच फाइल.
फाइल संपली हे कळायला उणे एक लागतं,
आणि याच्या घडणीत
अक्षराला उणे होता येत नाही.
उणे एकाचे तिथे दोनशे पंचावन्न होतात
आणि शेवट समोरून निघून जातो,
तो वाचत राहतो, मुकाट, गरम होत.

रादोवान विचारतो,
पण ही मशीन वापरतं तरी कोण?
मी लिहिलं, बंदरात कुणीतरी असेल. खोडलं.
लिहिलं, मी. तेही खोडलं.
मग नुसता लॉग जोडला,
खाली एक वाक्य: इथे थांबत नाही.

फज्रची अजान झाली.
चौथ्याची वायर काढली.
पुन्हा लावण्याआधी थांबायचं असतं थोडं,
आतली उरलीसुरली वीज निवेपर्यंत.
मी पंचवीसपर्यंत मोजते.
एकवीस,
बावीस,
तेवीस