सात नंबरची

आमच्या मैदानावर गवत नाही, हे आधीच सांगून टाकते.
ग्रीन म्हणायचं, पण तीही काळी:
जुन्या इंजिन ऑइलमध्ये कालवलेली वाळू,
एका बाजूला टेकवून ठेवलेला लोखंडी पाइप.
त्या पाइपानं आपली वाट आपणच सपाट करायची
आणि मग चेंडू ढकलायचा.
येर्डिलिनला पाऊस जेमतेम गव्हापुरता पडतो,
खेळासाठी कोण मागणार?

फाटकाशी दुधाचा जुना कॅन, झाकणाला खाच पाडलेली.
माणशी दहा डॉलर. बघायला कुणी नसतं.
स्टिपे कधीमधी बटणं टाकतो
आणि पुढच्या शनिवारी वीस, न बोलता.

शहरातून कुणी आलंच तर विचारतं,
इथला सगळ्यात अवघड होल कुठला?
नेरिडा सांगते, तिसरा. तिथे कावळा आहे.
औषधांच्या दुकानात ती डोस सांगते ना,
अगदी त्या आवाजात.

तर मार्चअखेर लेस्टरनं पर्थहून नवा सेट मागवला.
जुन्यातली सात नंबरची आयर्न काढली विकायला.
साठ, म्हणाला.
मी म्हटलं, तीस. शाळेची बस चालवते मी, विमान नाही.
पहिल्या होलला सुरू झालेली घासाघीस
चौथ्यापर्यंत गेली.
मधे कावळ्यानं दोन चेंडू नेले,
कुणाचं लक्षच नव्हतं.
शेवटी चाळीस डॉलर आणि मधाची एक बरणी.
स्कोअरकार्डाच्या पाठीवर लिहून घेतलं,
नेरिडाची सही, साक्षीदार म्हणून.

पण वस्तू विकली म्हणून सुटते थोडीच.
सासरी दिलेल्या लेकीची करावी
तशी तो तिची चौकशी करायचा:
कोरडी पुसतेस ना? डिकीत तापत नाही ना?
आणि सहाव्यावर,
जिथे खाऱ्या तळ्याचं पांढरं टोक आडवं येतं,
नवी चकचकीत आयर्न बॅगेत तशीच ठेवून
हात पुढे करायचा.
"बेरिल, एकदाच."
मी द्यायचे.
चेंडू तळं ओलांडून जायचा. तो आयर्नकडे बघायचा,
चेंडूकडे नाही.

जूनमध्ये मी तिची मूठ बदलली.
रबर फाटलं होतं, पाऊस आला की घसरायचं.
स्टिपेच्या शेडमध्ये चाकूनं जुनं सोललं
तेव्हा आतून दिसला
त्याच्या अंगठ्याचा खळगा, बावीस वर्षांचा,
माझा अंगठा ठेवला तर
वर बोटभर जागा उरेल एवढा.
स्टिपे म्हणाला, टाकून दे.
मी ते गिअरबॉक्सच्या स्क्रूंच्या डब्यात ठेवलं.
का, ते विचारू नका.

त्या शनिवारी लेस्टरनं तिला हातात घेतलं,
एकदा धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.
अंधारात दिव्याचं बटण सापडू नये
तशी त्याची बोटं फिरली.
मग परत दिली.
स्वतःच्या नवीनं मारला: चेंडू मिठात,
पांढऱ्यावर पांढरा, शोधूनही सापडेना.
कुणी काही बोललं नाही.
गालाहांचा थवा तेवढा वरून ओरडत गेला.
ग्रीनवरचे आमचे पाय त्यानंच खरवडून पुसले,
पाळी माझी असताना.

पुढचे दोन शनिवार त्यानं हात पुढे केला नाही.
सहाव्यावर मीच थोडी रेंगाळायचे,
बुटाची नाडी वगैरे.

काल वारा उलटा होता, सायलोकडून.
मी सात नंबरची काढली. मनात म्हटलं, पुरायची नाही.
पुरली.
मिठावरून, मेलेल्या झाडावरून,
काळ्या वाळूत एकदाच टप्पा, आणि काठीपासून हातभर.
नेरिडानं शिट्टी वाजवली, तिला येते हे माहीत नव्हतं.
लेस्टर कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला,

"साठच बरोबर होते."