चार-चार यार्ड

माझा खांदा जुलैतच गेला होता,
बीटाच्या ट्रकवरून पडून.
लांब फेकलेला चेंडू वाटेतच दमायचा,
थकल्या कबुतरासारखा मध्येच खाली उतरायचा.
कोच ब्रुनिंग त्यावर काही बोलला नाही.
डायनरमध्ये मिठाची डबी, मिरपुडीची डबी
आणि सॉसच्या दोन बाटल्या ओळीत मांडून म्हणाला,
हे माणसं राखत नाहीत. जागा राखतात.
मग डब्यांच्या मधल्या मोकळ्या टेबलावर
बोटानं टकटक केलं:
इथे कुणीच राहत नाही.

त्या वर्षी तेवढंच शिकलो.
तीन पावलं मागे, आणि सोड.
चटका बसल्यासारखा सोड.

एलिसेओ पाच यार्ड पळायचा आणि थांबायचा.
पळणारे आमच्याकडे पुष्कळ होते,
थांबता येणारा तो एकटा.
दोन पहारेकऱ्यांच्या मधोमध असा वळून उभा राहायचा,
जसं कुणी अनोळखी लग्नात
पंगतीतली रिकामी जागा हेरून
निवांत बसून घेतं.

ऑक्टोबरातला शेवटचा शुक्रवार.
नेब्रास्काचा वारा, आणि साखर कारखान्याचा
गोडसर, कुजका वास मैदानभर.
समोर मधल्या फळीत वेस्टन हॉलिक,
शहाणा पोरगा, नजर माझ्या डोळ्यांवरून हलेना.
तो बाहेर सरकला, मी आत दिला.
तो आत राहिला, मी बाहेर दिला.
चार यार्ड. सहा. तीन. पुन्हा चार.
त्यांचे धिप्पाड गडी माझ्यापर्यंत पोचायचे
तेव्हा माझे हात रिकामे असायचे,
आणि ते जरासे ओशाळून
मला उगीच हलकं ढकलायचे.
स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, अरे लांब फेक की!
वडीलच होते माझे.

चौदा खेळ्या.
साखळी धरणारे दोन म्हातारे धापा टाकत होते.
सात मिनिटं आम्ही सुट्ट्या नाण्यांसारखी
एकेक करून काउंटरवर ठेवली.
शेवटचा चेंडू तीन यार्डांचा,
एलिसेओ पडला तो रेषेपलीकडे.
फारसा जल्लोष झाला नाही.
लोकांना कळेचना, नेमकं कधी ओरडायचं.

रात्री पेट्रोल पंपावर वेस्टन भेटला,
कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली.
म्हणाला, एक विचारू?
मी कुठे उभं राहायला हवं होतं?

मी खरंच आठवून पाहिलं.
दर वेळी तो बरोबर जागी होता.
दर वेळी चेंडू दुसरीकडे होता.
इकडे आड, तिकडे विहीर,
आणि दोन्ही खणून ठेवलेली मीच.
माहीत नाही, म्हणालो.

त्यानं मान डोलावली.
पिकअपकडे जाता जाता
दोन पंपांच्या मधे थांबला,
आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला.