झिलई

आमच्या गावचा हिरवा
ओआहाकाच्या बाजारात लांबून ओळखू येतो.
बापाने तो मला शिकवला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो:
पिवळी भुकटी, पाणी, चिमूटभर तांब्याचा चुरा,
आणि हात. पळी नाही, हात.
कोपरापर्यंत.

त्या भुकटीत शिसं असतं हे सगळ्यांना माहीत होतं,
नदीत पाणी असतं हे माहीत असतं तसं.

ओतिलियाला दोनदा राहिलं. दोनदा टिकलं नाही.
दुसऱ्या वेळी दवाखान्यातल्या नोएमीबाईंनी विचारलं,
करता काय तुम्ही?
मडकी, मी म्हणालो, जरा ताठ होऊन.
त्यांनी तिचं रक्त घेतलं. मग माझी बाही वर सारली.
माझं कशाला?
का? माती ती एकटीच कालवते का?

तिचा आकडा एकतीस, माझा चव्वेचाळीस.
शाळेत मला एवढे गुण कधी पडले नव्हते.

शिसं हाडात जाऊन बसतं, बाई म्हणाल्या,
जुन्या भाडेकरूसारखं, गुपचूप.
पोटात बाळ वाढू लागलं
की आईची हाडं आपलं कोठार उघडतात,
आणि चुन्याच्या मागोमाग तेही बाहेर पडतं.
थांबा थोडं. वर्षभर तरी.

चौतिसाव्या वर्षी वर्षभर म्हणजे किती,
हे ओतिलियाने बसमध्ये विचारलं नाही.
खिडकीबाहेर बघत राहिली.
आवा निवायच्या आत उघडला तर भांडं तडकतं,
हे मला कळतं. पण आव्याला एक रात्र पुरते.

तेव्हापासून मी अंगणातच अंघोळ करतो,
थंडीतसुद्धा, शेजारची पोरं हसतात.
कामाचे कपडे वेगळ्या घमेल्यात.
ती रोज रात्री फॉलिकची बारकी गोळी घेते,
बाळ नसताना बाळाची गोळी,
आणि पाकिटातल्या रिकाम्या खळग्यांवरून बोट फिरवते.
दूध. हिरवा पाला. मका तर आमच्याकडे
चुन्याच्या पाण्यातच शिजतो,
तेवढं आज्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

उरलं घेवड्याचं मडकं.
आईचं, तिच्या लग्नातलं, आतून काचेसारखं हिरवं.
यातलं खाऊन मी सात जणांना जन्म दिला, आई म्हणाली.
राहिले किती? ओतिलियाने विचारलं,
हळू, भांडणाचा सूर न लावता.
आई उठून आत गेली.
सकाळी बघतो तर मडक्याच्या बुडाला खिळ्याने भोक पाडलेलं,
आत माती,
आणि झेंडूची तीन रोपं.

नवी झिलई शिशाविना वितळते, पण तिला आग जास्त लागते.
मी भट्टीला विटांचा एक थर चढवला.
पहिले तीन आवे वाया गेले:
भांड्यांवर मोतीबिंदूसारखी साय.
एल्फेगो दलालाने एक वाडगा उन्हात धरला,
म्हणाला, फिदेन्सियो, हा आपला हिरवा नाही.
नाही, म्हणालो.
त्याने भाव निम्मा केला. मी अर्धाच माल दिला.
त्या महिन्यात डुक्कर विकलं.

आठव्या महिन्यात तिचा आकडा अकरा, माझा एकोणीस.
नोएमीबाई कागदावर नखाने रेघ ओढत म्हणाल्या,
अजून थोडं खाली.
ओतिलिया म्हणाली, बरं.
वाटेत तिने फक्त मीठ घेतलं, आयोडीनचं,
आणि पुडी छातीशी धरून चालत राहिली.

काल सातवा आवा उघडला.
एक मडकं निघालं, कडेला जरा बसकं,
रंग कोवळ्या कणसाच्या पानाचा, बापाचा नव्हे.
मी टिचकी मारली. वाजलं.
तिने ते दोनदा धुतलं, आत हात घालून
तळ चाचपला, मग पाणी भरलं,
आणि मूठ मूठ करत
काळा घेवडा भिजत घातला.
उद्यासाठी.