रकाना सहावा

पंचनाम्याच्या छापील कागदावर
सहावा रकाना : मालाची स्थिती.
मी लिहिलं, कुजलेला.
नऊ वर्षांच्या तलाठीपणात हा शब्द
मी वर न बघताच लिहायला शिकलोय.
भात कुजलेलं. पेंढा कुजलेला.
एकदा, पुलाखाली अडकलेली, एक म्हैस.

आरोंद्याचं पाणी ओसरून तिसरा दिवस.
द्रुपदाबाई मांजरेकर खाडीत कमरेपर्यंत उभी.
चिखलातून तिनं एक सोडण वर काढलं,
नखानं उचकटलं, माझ्या नाकाशी धरलं.
"वास येता?"
नाही आला.
"मगे कुजलेला कशाक लिवलास?"

काठावर बसून, टाचेत रुतलेली कालवाची शिंप
काढता काढता ती सांगत गेली :
नारळ सोलला की सोडणं खाडीत पुरायची,
वर झापं, झापांवर चिखल,
चिखलावर जांभ्याचे चिरे.
मग भरती येते, ओहोटी जाते, दहा महिने.
कोणी उकरायचं नाही.
पाणी आधी तांबडं होतं, नंतर काळं,
नंतर अख्ख्या वाडीला नासक्या अंड्याचा वास सुटतो
आणि वाडीतल्या पोरांच्या बाकावर
शाळेत कुणी बसत नाही.
तेव्हा वर काढायची. मोगरीनं बडवायची.
मऊ तेवढं सगळं निघून जातं,
हातात राहतो काथ्या,
पिकल्या भाताच्या रंगाचा.

यंदा चौथ्याच महिन्यात चिरे सरकले.
चार हजार सोडणं दर्याला गेली,
उरली ती कच्ची.
"कुसली आसती तर भरपाई कशाक मागलंय आसतंय?
साहेबानू, तुमच्याकडे कुसला म्हणजे गेला.
आमच्या हडे कुसला म्हणजे इला."

मी रकान्यावर रेघ मारली.
रेघेखालून शब्द दिसत राहिला.

दूध नासतं. लुगडं विरतं.
पीठ आंबतं, आंबलं तरच आंबोळी होते.
वासा कुसतो, होडीचा तळ कुसतो,
बांगडा नुसता मऊ पडतो
आणि गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या पाटीकडे जातं.
उदगीरहून बायको फोनवर विचारते,
तिकडे किती दिवस कुजत बसणार?
बदलीचा अर्ज जिल्ह्याला कुजत पडलाय, मी सांगतो.
आणि बांधावर उभं राहून
धाकट्या भावाला मी जे बोललो होतो,
आई म्हणाली, एवढं कुजकं
आपल्या घरात कुणी बोललं नव्हतं.
सात वर्षं झाली. त्यावर चिरे आहेत.
त्यानंही उकरलं नाही.
आता वर काढलं तर काय निघेल,
काथ्या, की नुसताच वास,
हे मला द्रुपदाबाईला विचारायचं होतं.
पण ती पुन्हा पाण्यात उतरली होती,
पायानं चाचपत,
राहिलेल्यांवर चिरे रचत.

सही करायला ती वर आली.
हात पदराला पुसले, तरी कागदावर
एक काळं बोट उमटलंच.
सहाव्या रकान्यात आता आहे :
माल न कुजल्यामुळे नुकसान.
पुढच्या आठवड्यात तहसीलदारांकडून कागद परत येईल,
लाल शाईत :
खुलासा करावा.