उपळसरी

रविवार पेठेत भांड्यांच्या ठणठणाटाकडे पाठ करून
आमचं दुकान बसलंय. पाटीवर 'अत्तार' तेवढं उरलं,
खालचं 'काष्ठौषधी' उन्हाने खाल्लं.
म्हणून रोज एक तरी माणूस आत येऊन अत्तर मागतो.
आम्ही मुळं विकतो, साली विकतो, बिया.

उपळसरी डावीकडच्या तिसऱ्या डब्यात.
बारीक, काळपट, वेडीवाकडी,
घाईत केलेल्या सह्यांसारखी.
मोडायची आणि नाकाशी न्यायची.
आधी माती येते, मग जराशी दुधाची साय,
मग आणखी काहीतरी, ज्याला अब्बांनी कधी शब्द दिला नाही,
नुसती मान डोलवायचे.

दोन वर्षांपूर्वी तापात अब्बांचं नाक गेलं.
ताप उतरला, वास परतला नाही.
आता ते मोडतात, मी हुंगते.
"आहे?"
"आहे."
कधी कधी दुपारपर्यंत एवढंच बोलणं.

एप्रिल लागला की गिऱ्हाइकं मान खाजवत येतात.
भोसरीत लेथवर उभे राहणारे सोनवलकर,
मशीनच्या तेलाने कोपरापर्यंत लाल.
त्यांना सांगते, सहाणेवर उगाळा, साध्या पाण्यात,
लेप वाळून तडकायच्या आत धुवा.
आणि प्यायला बोटभर तुकडा, ठेचून.
पाण्याला उकळी आली की गॅस बंद, मग मूळ टाका, वर झाकण.
उकळत बसलात तर वास जाईल शेजाऱ्यांकडे,
तुमच्या वाट्याला रंगीत पाणी.
"जाईल ना हे?"
अब्बा गल्ल्यावरून, मान वर न करता:
"आठ दिवस बघा. नाही गेलं तर डॉक्टर. परत इथे नाही."

हेल्मेटखाली ओढणी गुंडाळलेली एक मुलगी,
मेमध्ये लग्न.
"याने उजळ होते ना स्किन?"
मी म्हटलं, उजळ करणारं दुकान पुढच्या चौकात, एसी आहे.
हे घामोळ्याचं मूळ.
ती हसली नाही. पण पन्नास ग्रॅम घेतलं,
आणि पुडीचा दोरा सुटू नये म्हणून
दोनदा गाठ मारायला लावली.

माल आणतात ठकूबाई ढेबे. वेल्ह्याची एसटी,
मांडीवर पोतं. पायरीवर बसतात, चहा मागतात.
एकदा मी कौतुकाने उपळसरीचा केला.
घोटभर घेऊन कप खाली ठेवला.
"हे आम्ही जनावराला बी देतो बाई. मला साखरेचा दे."

यंदा पोतं अर्धंच.
म्हणाल्या, आम्ही कडेचं काढतो, मधलं ठेवतो,
वेल फिरून येतो त्याच जागी.
आता टेम्पो येतो. पोरं पहारीनं सगळंच उपसतात.
मी उगाच म्हटलं, शहरात याला अनंतमूळ म्हणतात.
ठकूबाईंनी पदराने मान पुसली.
"कोण म्हणतं? खाली खडक लागतो की."

परवा तो टेम्पो आमच्याच दारात.
भरलेली पोती, जाडजूड मुळं, भाव निम्मा.
डब्याचा तळ मला दिसत होता.
सोनवलकर बाकावर बसून होते, बाह्या वर केलेल्या.
अब्बांनी एक मूळ उचललं, वाकवलं.
मी नाकाशी नेलं. गोणपाट. डिझेल.
आणि तोंडात शब्द तयार होता, खोटं सांगते कशाला:
"आहे" म्हणायला किती वेळ लागतो?

पण त्यांनी विचारलंच नाही.
"मोडलं नाही हे," म्हणाले, "वाकलं नुसतं."
आणि पोऱ्याला हातानेच, उचल.

सोनवलकरांना म्हटलं, संपली.
कधी येईल?
ठकूबाई येतील तेव्हा.
ते थोडा वेळ बसले, मग पीएमटी धरायला गेले.

रात्री शटर ओढण्याआधी डबा उपडा केला.
तळाशी चमचाभर भुकटी, दोन काड्या, एक मेलेला किडा.
किडा फुंकला. भुकटी तळहातावर ओली केली
आणि मानेला लावली.
घामोळं मलाही झालंय.
कुणाला सांगते?