काटकोन

मानेंगॉनच्या ओढ्याकाठी यंदा अकरा खुर्च्या.
गेल्या जुलैत सोळा होत्या.
खुर्च्या मांडणारा पोरगा दर वर्षी विचारतो, किती?
आणि चर्चमधली बाई
यादी न पाहताच आकडा सांगते.

माझ्या आईची मावशी, तान एन्ग्रासिया,
डावीकडून तिसरी.
पांढरा झगा, पायात पणतवाचे मोजे,
कारण तिचे तिला सापडले नाहीत.

दहा वर्षांची होती, ग्वामवर सैनिक उतरले तेव्हा.
शाळा त्यांनी बंद ठेवली नाही,
फक्त धडा बदलला:
कमरेतून वाका. आणखी. आणखी.
एकजण सुताराचा गुण्या घेऊन हिंडायचा,
पोरांच्या पाठीला लावून बघायचा.
"भूमिती मी तिथं शिकले," मावशी म्हणते.
"नव्वद अंश.
एक्याण्णव झाले की थोबाडीत."

मग तिसऱ्या वर्षीचा जुलै.
अख्खं गाव चिखलातून हाकललेलं,
कुठं जायचं ते कुणी सांगत नव्हतं.
तिच्या आईच्या डोक्यावर शिवणयंत्र,
पाय नसलेलं, नुसतं वरचं धूड.
शेजारीण ओरडली, अगं टाक ते, सुरण घे!
आई म्हणाली, लढाई संपल्यावर
लोक काय नागडे फिरणार आहेत?
सुरण कुणीतरी दुसऱ्याने उचलला.
मावशीच्या कडेवर धाकटा इनासियो.

इथं, याच ओढ्याशी, छप्पर नव्हतं.
केळीची पानं होती, तीही आधी पोचलेल्यांनी नेलेली.
इनासियोबद्दल ती एकच वाक्य बोलते,
तेही कुणी विचारलं नसताना,
भांडी घासताना, नाहीतर पत्ते पिसताना:
"त्याचं वजन मला अजून आठवतं."

भरपाईचा अर्ज मीच भरला होता तिचा.
मृत्यू, जखम, वेठबिगार, पायपीट,
मी एकेका चौकटीत खूण करत गेले.
ती चष्मा पुसत म्हणाली,
"वाटेत बॉबिन हरवली होती.
ती कुठं लिहायची?"

आता भाषणं. धैर्य, त्याग, ऋण.
ध्वनिक्षेपक तिच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला आहे,
हे बरंच आहे.
मग एक तरुण अधिकारी, कडक इस्त्रीतला,
फितीला अडकवलेलं पदक घेऊन
रांगेतून एकेकीपुढे येतो.
मावशीसमोर थांबतो. हातानं खुणावतो,
आजी, मान जरा खाली.

ती बघत राहते त्याच्याकडे.

त्याला काय ठाऊक,
ही बाई पडलेली सुईसुद्धा उकिडवी बसून उचलते.
देवापुढे गुडघे टेकते, पण पाठ सरळ.
नवऱ्याच्या खड्ड्यात मूठभर माती
तिनं उभ्यानंच सोडली,
आणि लोक बोलले काय बोलायचं ते.

ओढा ऐकू येतो.
फीत हवेत तशीच धरलेली.
शेवटी तो पोरगाच वाकतो,
चांगला कमरेतून, तिच्या कपाळाखाली डोकं नेऊन
फीत वरून चढवू बघतो,
आणि त्याची टोपी चिखलात पडते.

क्षणभर कुणी श्वास घेत नाही.
मग तान निएव्हेस खुदकन हसते,
मग तिच्या शेजारचे म्हातारबा,
मग अकराच्या अकरा खुर्च्या हलायला लागतात.

जेवणात शेंदरीनं रंगवलेला लाल भात,
भाजलेला नीरफणस, खारवलेलं मांस.
मावशी दोन घास खाते
आणि उरलेलं चांदीच्या कागदात बांधते.
नंतर शेजारणीच्या ताटातलंही.
मी म्हणते, घरी फ्रिज भरलेला आहे.
"असू दे."

परतीच्या वाटेवर ती डुलक्या काढते.
पर्समध्ये पुडी सुटलीय,
पदकाची पांढरी फीत टोकाकडून शेंदरी होत चाललीय.
मला वाटतं झोपली.
वळण येतं, आणि ती डोळे मिटूनच विचारते,
"त्या लेकराची टोपी
कुणी धुऊन दिली का गं?"